किल्ल्यांच्या जुडग्यातला जपानी बिल्ला



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक विषय पुन्हा पुन्हा येतो आहे. गावाकडचे मातीचे घर पाडून घरकुल बांधायला काढले, की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. तिच्यात आजोबांचा कमरपट्टा निघतो, एखादे पदक निघते, कधी परदेशी अक्षरांचा बिल्ला निघतो. ज्याने आणले तो माणूस केव्हाच गेलेला असतो, मग विचारायचे कोणाला? पाकिटातून कागदावर काढलेले चित्र आमच्याकडे येते आणि खाली प्रश्न असतो, "हे काय आहे? आजोबांना कोणत्या लढाईत मिळाले?"

आम्ही काही फौजेतले जाणकार नव्हे. पण हाच प्रश्न आमच्या घरात चाळीसहून अधिक वर्षे किल्ल्यांच्या जुडग्याला लटकत होता आणि त्याचे उत्तर शोधताना जे कळले ते आपल्या घराघरांत उपयोगी पडेल, म्हणून या खेपेस घरातलीच गोष्ट सांगतो.

आमचे मूळ गाव मुरूड तालुक्यात, खाडीच्या काठी. आमचे आजोबा १९४२ साली मुंबईत भरती झाले आणि १९४६ साली घरी आले. १९७९ साली ते वारले. त्यांच्या तंबाखूच्या चंचीत एका चिंधीत गुंडाळलेला पितळेचा एक बिल्ला सापडला. लांबट अंड्याच्या आकाराचा, साधारण पावणेदोन इंच लांब, दोन्ही टोकांना एकेक भोक, आणि मधोमध वरून खाली ठोकलेली चिनी-जपानी वळणाची अक्षरे. पदके ट्रंकेत आणि हा एवढाच चंचीत का, याचा तेव्हा कोणी विचार केला नाही. भोक आयतेच होते. आत्याने त्यात सुतळी ओवून कपाटाच्या किल्ल्या अडकवल्या. आम्ही मुले त्याला "जपान्याचा बिल्ला" म्हणायचो आणि शाळेत सांगायचो, की आमच्या आजोबांनी जपानी साहेबाला पकडले म्हणून सरकारने तो त्यांना बक्षीस दिला. ही कथा कोणी रचली ते आठवत नाही. बहुधा आम्हीच.

घर पाडताना ट्रंक उतरवली आणि सगळ्या वस्तू एका चटईवर मांडल्या, तेव्हा पहिला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने.

आमच्या घरात एक गोष्ट ठाम होती, ती म्हणजे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाताना वडील ते अभिमानाने सांगत. आता ट्रंकेत निघाली पितळी अक्षरे, खांद्यावर लावायची. इंग्रजीत आर.आय.ए.एस.सी. सोबत कापडाचा एक चौकोनी तुकडा, त्यावर काळे मांजर. कोरेगावचा स्तंभ कुठेही नाही.

वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो. महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. त्यामागे किती वर्षांची झुंज होती! १८९० नंतरच्या काळात इंग्रज सरकारने आपल्या लोकांची फौजेतली भरती बंद केली. आपल्याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी भरतीसाठी आवाज उठवला. पुढे पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण सरकारने उभारली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडून टाकली. गरज असली की शूर, गरज संपली की अस्पृश्य! दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळावर होते. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि खाली "महार" हा शब्द. स्वातंत्र्यानंतर तो स्तंभ गेला. आज तिथे एकमेकींवर फुली केलेल्या दोन मशीनगन आणि खंजीर आहे. तेव्हा ज्यांच्या ट्रंकेत स्तंभाचा बिल्ला निघेल त्यांनी तो जिवापाड जपावा. तो एका थोड्याच वर्षांच्या काळातला आहे.

पण आमच्या ट्रंकेत तो नव्हता. आर.आय.ए.एस.सी. म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. रसद, वाहतूक, दाणागोटा, पेट्रोल पुरवणारे खाते. (आजचे आर्मी सर्व्हिस कोअर ते हेच, "रॉयल" हा शब्द प्रजासत्ताक झाल्यावर गळाला.) म्हणजे आमचे आजोबा बंदूक घेऊन खंदकात बसलेले नव्हते, ते लॉरी चालवत होते. आमच्या थोरल्या काकांचे तोंड एवढेसे झाले. "मग एवढी वर्षं आपण काय सांगत होतो लोकांना?" ते म्हणाले.

आम्हाला मात्र त्यात उणे काही वाटत नाही. बर्माच्या त्या डोंगरात पावसाळ्यात लॉरी चालवणे म्हणजे काय, हे ज्याने आपला वरंध घाट आषाढात पाहिला आहे त्याने मनाशी दसपट करून पाहावे. शिवाय ते काळे मांजर. दुसऱ्या महायुद्धात प्रत्येक डिव्हिजनची एक खूण असे. ती दंडावर शिवलेली असे आणि गाड्यांवर रंगवलेली. शत्रूला आकडा कळू नये आणि अक्षरओळख नसलेल्या शिपायालाही आपली गाडी ओळखता यावी, म्हणून चित्र. काळे मांजर ही १७ व्या हिंदी डिव्हिजनची खूण. बर्मातून १९४२ साली जी माघार झाली तीत हीच डिव्हिजन मागे हटत आली, १९४४ साली इंफाळच्या लढाईत हीच होती आणि १९४५ साली बर्मात पुन्हा शिरली तीही हीच. म्हणजे लॉरी कुठल्या रस्त्यावर होती ते मांजराने सांगितले. चार वर्षांत आजोबांनी जे एकदाही सांगितले नाही ते.

इतर खुणाही वाचकांनी लक्षात ठेवाव्यात, कारण कापडाचा तुकडा म्हणून बायका त्या फेकून देतात. लाल गरुड असेल तर ४ थी हिंदी डिव्हिजन, आफ्रिका आणि इटलीत लढलेली. काळ्यावर लाल गोल असेल तर ५ वी. सोनेरी बाण ७ वी. लढणारा लाल कोंबडा असेल तर २३ वी, ती इंफाळनंतर युद्ध संपल्यावर जावा बेटावर गेली. मुठीत खंजीर असेल तर १९ वी. त्रिकोणातून बाहेर पडणारा वाघ असेल तर २६ वी. या खुणा परदेशी दिसल्या तरी आपल्याच फौजेच्या आहेत. पत्रांतली निम्मी "परदेशी" चिन्हे अशीच निघतात.

पदकांचेही तसेच. आमच्या चटईवर सहा टोकांची पितळी रंगाची चांदणी होती, मध्ये राजाची मुद्राक्षरे, भोवती "द बर्मा स्टार". फीत लाल, दोन्ही कडांना गर्द निळी आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ. ती बर्मात सेवा केलेल्या सगळ्यांना मिळाली, शूर असो की नसो. काकीने आम्ही येण्याआधीच ती पीतांबरीने घासून लखलखीत करून ठेवली होती! हात जोडून सांगतो, घासू नका. पीतांबरी नको, चिंच नको, राख तर नकोच. घासण्याने बारीक कोरलेली अक्षरे जातात आणि ओळख पटते ती त्या अक्षरांवरूनच. पातळ कागद वर ठेवून पेन्सिल आडवी हलकेच फिरवावी, अक्षरे कागदावर उमटतात. तो कागद आम्हाला पाठवा, वस्तू टपालाने पाठवू नका.

श्रीवर्धनकडच्या एका आजीबाईंनी मुलाकडून लिहून घेतले आहे, की पदकावर घोड्यावर बसलेला नागडा पुरुष आहे, नातवंडांना दाखवावे की नाही? आजी, खुशाल दाखवा. ते पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल. तो पुरुष म्हणजे इंग्रजांचा संत जॉर्ज, दोन्ही बाजूंना १९१४ आणि १९१८ ही साले. मात्र आजींनी लिहिले आहे की पदक तपकिरी आहे, चांदीचे नाही, म्हणून सोनाराने घेतले नाही. इथे थांबायला हवे. हे पदक लढाऊ शिपायांना चांदीचे दिले गेले. तेच पदक ब्राँझचे दिले गेले ते लेबर कोअर, पोर्टर कोअर अशा बिनलढाऊ हिंदी लोकांना. ओझी वाहणारे, रस्ते खोदणारे, बोटींतून माल उतरवणारे. एकाच युद्धात, एकाच राजाच्या चाकरीत, पदकाचा धातूसुद्धा वेगळा! चांदीची पदके कित्येक घरांतून दुष्काळात सोनाराच्या मुशीत गेली, ही ब्राँझची कोणी घेईना म्हणून राहिली. आजी, पदकाच्या काठावर बोट फिरवा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. नाव आपल्या माणसाचे निघाले तर ते तुमच्या घराण्याचे नाव कागदाआधी धातूवर आलेले आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात असे नाव "नाक" या शेपटासह निघाले, जसे कोरेगावच्या स्तंभावर आहे तसे.

आता खरोखरच शत्रूच्या असलेल्या वस्तूंकडे येऊ.

पाच टोकांचा लहान पांढऱ्या धातूचा तारा, मागे टोचायची दोन टोके, तो बहुधा इटालियन. त्यांचा शिपाई असो की सेनापती, कॉलरवर हा तारा असेच. १९४१ साली एरिट्रियात केरेनला आपल्या मराठा पलटणी लढल्या, पुढे हजारो इटालियन कैदी हिंदुस्थानात आणले गेले. कैद्यांवर पहारा करणाऱ्यांनीही बिडी-सिगारेटच्या बदल्यात असे बिल्ले घेतलेले असतात, तेव्हा तारा आहे म्हणून आजोबा आफ्रिकेत गेलेच असे समजू नये. लाल कापडी पट्टीवर पिवळे तारे असतील तर जपानी लष्कर. नुसता एक तारा असेल तर सर्वांत खालचा शिपाई, दोन-तीन तारे असतील तर त्याच्या वरचे शिपाई. मधून सोनेरी पट्टा गेला की हवालदारकीकडे.

"द जपानीज गव्हर्नमेंट" असे छापलेल्या नोटा तर कोकणातल्या किती ट्रंकांत आहेत! नंबराच्या जागी इंग्रजी बी ने सुरू होणारी अक्षरे असतील तर ती बर्मासाठी छापलेली, एम असेल तर मलायासाठी. जपान हरला त्या दिवशी त्या रद्दी झाल्या. त्यांना सोन्याचा भाव येईल असे कोणी सांगितले तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

गरुडाच्या पायात स्वस्तिक असेल तर ते जर्मन. अलिबागकडच्या एका वाचकाच्या घरी असा पट्ट्याचा बक्कल शुभचिन्ह म्हणून उंबऱ्यावर ठोकलेला होता. आपल्याला स्वस्तिक परके नाही, जुन्नरच्या लेण्यांतल्या आपल्या पूर्वज उपासकांच्या शिलालेखांतही ते कोरलेले आहे. परंतु हिटलरच्या माणसांनी ते तिरके उभे करून ज्या कत्तली केल्या त्यांची ती खूण आहे. ठेवायचे तर पेटीत, माहिती लिहून ठेवा. उंबऱ्यावर नको. बाजारात या चिन्हाच्या नकला फार, हेही लक्षात असू द्या.

अलीकडच्या काळातलेही काही येते. गर्जणाऱ्या वाघाचे डोके, मागे दोन रायफली आणि भोवती काडतुसांचे कडे असे चिन्ह श्रीलंकेतल्या तामिळ वाघांचे. १९८७ ते १९९० या काळात आपली शांतिसेना तिथे होती. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन् २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ज्यांच्या घरचा जवान त्या काळात जाफन्याला होता त्यांना हे चिन्ह कोठून आले ते वेगळे सांगायला नको.

पुन्हा आमच्या बिल्ल्याकडे.

तो कोणाकडून वाचून घ्यायचा हा प्रश्नच होता. आपल्या समाजातली, आमच्याच पाहुण्यांपैकी एक मुलगी पुण्यात जपानी भाषा शिकून एका कंपनीत दुभाषाचे काम करते. तिला पेन्सिलने उमटवलेला कागद पाठवला. चार दिवसांनी तिचा फोन आला. आधी तिने विचारले, "दादा, हे तुमच्याकडे कसं आलं?" मग म्हणाली, "हा मानाचा बिल्ला नाही. हा शिपायाच्या अंगावर बांधलेला असायचा, मेल्यावर प्रेत ओळखता यावं म्हणून."

सुतळी ओवायला ती भोके म्हणूनच होती. जपानी शिपायी हा बिल्ला दोरीने आतल्या अंगावर बांधत. आपल्या बाजूच्या फौजांत अशा दोन चकत्या असत, दाबलेल्या लगद्यासारख्या, एक हिरवी आठकोनी आणि एक लाल गोल. माणूस पडला की लाल काढून घ्यायची आणि हिरवी प्रेतासोबत राहू द्यायची. जर्मनांचा बिल्ला अंडाकृती पण मधोमध फटी पाडलेला, अर्धा मोडून घ्यायचा. जपान्यांचा सबंध एकच. तो गेला की प्रेताची ओळख गेली.

तिने अक्षरे सांगितली. सगळ्यांत वर एक अक्षर, आमच्या डोळ्यांना साप वळल्यासारखे दिसणारे. त्याचा अर्थ धनुष्य, जपानीत "युमी". खाली आकडे, मग "क्रमांक" अशा अर्थाचे अक्षर, पुन्हा आकडे. युद्धाच्या पुढच्या काळात जपान्यांनी पलटणींचे खरे नंबर लपवून त्यांना सांकेतिक नावे दिली होती. युमी हे त्यांच्या ३३ व्या डिव्हिजनचे नाव. १९४४ च्या मार्चमध्ये टिड्डिमच्या रस्त्यावरून इंफाळकडे जी डिव्हिजन चाल करून आली ती हीच, आणि तिच्यासमोर होती काळ्या मांजराची १७ वी. चटईवरचे दोन तुकडे एकमेकांसमोर येऊन उभे राहिले.

"आणि नाव?" आम्ही विचारले.

"नाव नाहीये. अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यावर नाव असायचं. साध्या शिपायाच्या नाही. नुसता नंबर."

ही डिव्हिजन टोक्योच्या उत्तरेकडच्या भागातली, उत्सुनोमिया, मितो, ताकासाकी इकडच्या मुलांची. बहुतेक शेतकऱ्यांची पोरे. त्या मोहिमेत जपानचे तीस हजारांच्या आसपास लोक मेले असे मानतात, त्यांतले कितीतरी गोळीने नव्हे तर उपासमारीने, हिवतापाने आणि हगवणीने. त्यांच्या घरी सरकारातून पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी जात असे. अस्थी मिळालेल्या नसत. पुष्कळ पेट्यांत नुसता दगड असे, नाहीतर नाव लिहिलेला कागदाचा कपटा.

फोन ठेवल्यावर घरात कोणी बोलेना. आत्या, जिने १९७९ साली त्यात सुतळी ओवली ती, आता पंच्याऐंशीची आहे. तिने जुडग्यातून बिल्ला सोडवून पदरात धरला. मग तिनेच सांगितले. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला आजोबा लाँचने मुंबईला गेले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर लाखो लोकांबरोबर धम्मदीक्षा घेऊन परत आले. त्यानंतर एकदा आत्याने ट्रंक उघडली तेव्हा त्यांनी हा बिल्ला पदकांतून वेगळा काढला. ती म्हणाली, "मी विचारलं, आबा, ह्यो का काढलात? तर म्हणाले, ह्यो माझा नाय. तेवढंच."

न दिलेले घेऊ नये हे आपले दुसरे शील. आजोबांनी तो प्रेतावरून काढला, की वाटेत चिखलात सापडला, की कोणाकडून बिडीच्या बंडलावर घेतला, हे आता कळण्यासारखे नाही. युद्धातल्या माणसाचा न्याय घरच्या पडवीत बसून करण्याचा अधिकार आम्हाला नाही. परंतु ते तेवीस वर्षे तो चंचीत जवळ बाळगून होते.

मग वाद झाला. थोरल्या काकांचा मुलगा उरणला बंदरात कामाला आहे, जगाची माहिती ठेवतो. तो म्हणाला, अशा बिल्ल्यांना हौशी गिऱ्हाईक असते, पैसे येतील, घरकुलाच्या प्लॅस्टरला लागतील. त्याचे म्हणणे वावगे आहे असे आम्ही म्हणणार नाही. प्लॅस्टर खरोखरच अडले आहे. काकी मात्र उसळली. "उद्या तुझा बिल्ला कोणी बाजारात मांडला तर?" त्यावर तो म्हणाला, "काकी, पण नावच नाय त्याच्यावर, द्यायचा कोणाला?"

त्याचा प्रश्न बिनतोड होता. आणि त्या प्रश्नावर आम्हाला आपल्याच लोकांची आठवण झाली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्यांचे बसऱ्याला मोठे स्मारक आहे. तिथे इंग्रज शिपायांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र नुसती संख्या लिहिली, अमुक पलटणीचे इतके. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून कबूल केले, की आशिया-आफ्रिकेच्या मृतांना आपण बरोबरीने वागवले नाही. शंभर वर्षांनी! नाव नसलेला नंबर म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला समजणार?

नंबर आहे म्हणजे वाट अगदीच बंद नाही. त्या मुलीने चौकशी केली. जपानच्या आरोग्य, श्रम व कल्याण मंत्रालयाकडे युद्धातल्या मृतांच्या वस्तू घरी पोचवण्याचे काम आहे. अमेरिकेत ओबॉन सोसायटी नावाची संस्था रणांगणावरून नेलेले जपानी झेंडे आणि वस्तू कुटुंबांना परत करते, त्याचे पैसे घेत नाही. (कोणाच्या ट्रंकेत मध्ये लाल गोल आणि भोवती काळ्या शाईने लिहिलेली पुष्कळ अक्षरे असलेले पांढरे रेशमी कापड असेल, तर ते शोभेचे नव्हे. गावच्या लोकांनी आणि घरच्यांनी मुलाला निरोप देताना आपापली नावे लिहिलेला तो झेंडा असतो. त्यावर नावे असल्याने घर सापडण्याची आशा बिल्ल्याहून जास्त.) आणि काहीच सापडले नाही, तर इंफाळजवळ जपान्यांचे स्मारक आहे, शेजारी २०१९ पासून शांती संग्रहालयही आहे. ज्या मातीत तो पडला तिथे तरी बिल्ला जाईल.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि तीच आम्हाला सर्वांत जास्त लागली. ट्रंकेच्या तळाला जुने वर्तमानपत्र चिकटवलेले होते. ते खरवडले तर खाली आजोबांचे डिस्चार्ज बुक. नंबर, हुद्दा, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, पत्ता "जंजिरा स्टेट". दुसऱ्या महायुद्धात चार-पाच वर्षे नोकरी करून सुटलेल्यांना पेन्शन नव्हते. पुढे राज्य शासनाने अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा अनुदान सुरू केले. आमची आजी २००३ साली वारली. शेवटची काही वर्षे ती लोकांच्या वाडीत सुपारी सोलायला जायची. अनुदानाचे तिच्या कानावर आले होते, पण कागद हवा म्हणतात आणि कागद नाही, म्हणून तिने अर्जच केला नाही. कागद तिच्या डोक्यावरच्या माळ्यावर होता.

तेव्हा वाचकहो, बिल्ल्याआधी कागद शोधा. ट्रंकेचा तळ, तसबिरीची मागची बाजू, जुन्या कंदिलाचा खोका, सगळे पाहा. कोणाची आजी आज हयात असेल तर डिस्चार्ज बुक घेऊन अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. पदके आणि बिल्ले तिथे पुरावा होत नाहीत, नंबर आणि तुकडी लागते. कागद नसेल तर पदकाच्या काठावरचा नंबर आणि खांद्यावरची अक्षरे यांवरून कुठल्या अभिलेख कार्यालयाला लिहायचे ते ठरते. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे, आर्मी सर्व्हिस कोअरचे बंगळूरला. चुकीच्या पलटणीला लिहिले तर "असा इसम नाही" असेच उत्तर येणार. आमच्या घरची दंतकथा खरी मानून आम्ही सागरला लिहिले असते तर आमचेही तेच झाले असते. आणि पत्त्यात आजचा जिल्हा लिहून भागत नाही. १९८१ पर्यंत आपला जिल्हा कुलाबा होता आणि मुरूड-श्रीवर्धनचा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात. जुनी नावे द्या.

बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पेन्सिलचा कागद आणि आजोबांच्या डिस्चार्ज बुकाची प्रत असे मिळून त्या मुलीने जपानी भाषेत पत्र लिहून दिले. खाली सही आत्याची आहे, मराठीत. पत्र मुंबईच्या जपानी वकिलातीमार्फत जाईल असे केले आहे. उत्तर अजून यायचे आहे. तोवर बिल्ला आत्याने काडेपेटीत कापूस घालून ठेवला आहे, पदकांपासून वेगळा. किल्ल्या आता साध्या दोऱ्याला आहेत, आणि पुतण्या दर रविवारी उरणहून फोन करून विचारतो, "आलं का काय जपानवरून?"